नालंदेचा परदेशी विद्यार्थी : महास्थवीर युआन श्वांग

शालेय पाठ्यपुस्तकातील एका धड्यात आपण सर्वांनी त्यांचे नाव वाचलेले असते. पाठीवर ग्रंथांचा भार, हाती दंड आणि पायी चाललेला एक चिनी यात्रेकरू, एवढेच त्यांचे चित्र बहुतेकांच्या स्मरणात उरते. जुन्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख ह्युएनत्संग असा येतो, अलीकडच्या पुस्तकांत युआन श्वांग असा. परंतु ‘यात्रेकरू’ या शब्दाने त्यांचे खरे रूप काहीसे झाकले जाते. ते भारतात आले ते प्रामुख्याने शिकण्यासाठी. आजच्या भाषेत सांगायचे तर ते परदेशी विद्यार्थी होते. आणि तेही असे विद्यार्थी, की ज्यांना स्वतःच्या देशाच्या शासनाने बाहेर जाण्याची परवानगी नाकारली होती.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांचे चरित्र या दृष्टीने एकदा वाचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण आणि प्रव्रज्या

युआन श्वांग यांचा जन्म इ.स. ६०० ते ६०२ च्या सुमारास, लोयांग नगराजवळील एका गावी झाला. चेन हे त्यांचे कुलनाम. वडील कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विद्वान होते व शासकीय सेवा सोडून घरी ग्रंथवाचनात रमलेले होते. चार भावांत युआन श्वांग धाकटे. त्यांचे एक थोरले बंधू लोयांगच्या विहारात भिक्खू झाले होते. त्यांच्याच सोबतीने हा मुलगा विहारात राहू लागला.

त्या काळी चीनमध्ये भिक्खू होणे ही केवळ व्यक्तीच्या इच्छेची गोष्ट नव्हती. किती जणांना प्रव्रज्या द्यायची याची संख्या राजाज्ञेने ठरत असे आणि त्यासाठी शासकीय अधिकाऱ्यासमोर निवड होत असे. लोयांगमध्ये अशी निवड झाली तेव्हा युआन श्वांग अवघे तेरा वर्षांचे होते. वय नियमात बसत नसल्याने ते दाराबाहेर उभे राहिले. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांची विचारपूस केली, उत्तरे ऐकली आणि वयाची अट बाजूला ठेवून त्यांना प्रवेश दिला. नियमाच्या पलीकडे पाहून विद्यार्थी ओळखणारा हा त्यांच्या आयुष्यातील पहिला अधिकारी. असे अनेक जण पुढे त्यांना भेटायचे होते.

लवकरच सुई राजवंश कोसळला. ६१८ मध्ये थांग राजवंश सत्तेवर आला. त्या धामधुमीत दोघे भाऊ लोयांग सोडून छांगआन आणि तेथून सिचुआनमध्ये गेले. ६२२ मध्ये युआन श्वांग यांची उपसंपदा झाली. त्यानंतर ते नगरोनगरी फिरून जाणत्या आचार्यांकडे शिकले. जसजसे शिकत गेले तसतशी एक अडचण स्पष्ट होत गेली. चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नव्हती. एकाच प्रश्नावर दोन आचार्य दोन वेगळी उत्तरे देत आणि दोघेही ग्रंथाचाच आधार दाखवत. विशेषतः योगाचार परंपरेतील मूळ ग्रंथ, ‘योगाचारभूमिशास्त्र’, संपूर्ण स्वरूपात चीनमध्ये उपलब्ध नव्हता. हा गुंता सोडवायचा तर मूळ ग्रंथ ज्या भूमीत शिकवले जातात तेथे जाणे आवश्यक होते.

बंद झालेली सीमा

युआन श्वांग व त्यांच्या काही सोबत्यांनी भारतात जाण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. नवे राज्य अजून स्थिरावले नव्हते, उत्तरेकडून तुर्कांचे भय होते, आणि म्हणून पश्चिमेकडील सीमा ओलांडण्यास प्रजेला मनाई होती. त्या धोरणामागे शासनाची स्वतःची कारणे होती. परंतु त्यात ज्ञानासाठी निघालेल्या तरुणाचा विचार कोणी केलेला नव्हता. सोबती मागे हटले. युआन श्वांग हटले नाहीत.

६२९ मध्ये (काही अभ्यासक हे वर्ष ६२७ मानतात) पीक बुडाल्याने राजधानीतील लोकांना अन्नाच्या शोधात बाहेर जाण्याची मुभा मिळाली. त्या गर्दीतून ते निघाले. लिआंगचौ येथे तेथील प्रशासकाने त्यांना परत फिरण्याची आज्ञा केली. त्याच नगरातील हुईवेई नावाच्या आचार्यांनी आपले दोन शिष्य त्यांच्यासोबत गुपचूप पाठवले. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे, असा प्रवास सुरू झाला. पुढे ग्वाचौ येथे त्यांना पकडण्याचा हुकूम येऊन पोहोचला. तो हुकूम ली चांग या अधिकाऱ्याच्या हाती पडला. हा अधिकारी धम्माचा उपासक होता. त्याने युआन श्वांग यांना एकट्याने गाठून खरे काय ते विचारले, त्यांनीही खरे ते सांगितले. ली चांगने तो हुकूम त्यांच्यासमोर फाडून टाकला आणि ताबडतोब निघून जाण्यास सांगितले.

सीमेपलीकडे वाळवंटात पाच टेहळणी बुरूज होते. पहिल्या बुरुजाजवळ पाणी भरताना त्यांच्यावर बाण सुटले; एक बाण गुडघ्याला लागता लागता राहिला. बुरुजाचा नायक वांग श्यांग याने आधी त्यांना परत पाठवण्याचा, मग जवळच्या तुनह्वांगला नेण्याचा आग्रह धरला. त्यांचा निश्चय पाहिल्यावर मात्र त्यानेच पाणी व शिदोरी दिली आणि पुढच्या मार्गाची नीट कल्पना दिली.

त्यानंतरच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली. मार्ग चुकला. ते काही अंतर मागे फिरलेही. पण भारतात पोहोचल्यावाचून पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, ही आपली प्रतिज्ञा त्यांना आठवली आणि त्यांनी घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे वळवले. चार रात्री व पाच दिवस पाण्याच्या थेंबावाचून गेले. शेवटी त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याला गवताचा व पाण्याचा सुगावा लागला आणि दोघे वाचले.

गाओचांगचा राजा

वाळवंटापलीकडे गाओचांग हे राज्य होते, म्हणजे आजचा तुर्फानचा प्रदेश. तेथील राजा छू वनताय हा श्रद्धावान बौद्ध होता. त्याने युआन श्वांग यांचे थाटाने स्वागत केले; परंतु त्यांना पुढे जाऊ देण्यास तो तयार होईना. त्यांनी आपल्याच राज्यात राहून आचार्यपद भूषवावे, असा त्याचा हट्ट होता. विनंती झाली, मग धमकीही झाली. युआन श्वांग यांनी अन्नपाणी सोडले. तीन दिवस पाण्याचा घोटही घेतला नाही. चौथ्या दिवशी त्यांची शक्ती क्षीण झालेली पाहून राजाला आपली चूक उमगली. त्याने क्षमा मागितली. बुद्धमूर्तीसमोर दोघे बंधू झाले. परतताना तीन वर्षे आपल्याकडे राहावे, एवढेच वचन राजाने घेतले.

मग हा राजा जे करतो ते पाहण्यासारखे आहे. शंभर औंस सोने, तीस हजार चांदीची नाणी, रेशमी व साटीनच्या कापडाचे पाचशे तागे, तीस घोडे, सेवक, सोबतीला चार श्रामणेर. थोडक्यात, वीस वर्षांच्या प्रवासाला व शिक्षणाला पुरेल इतकी तरतूद त्याने केली. त्याहून मोलाची होती ती चोवीस पत्रे. वाटेवरील चोवीस राज्यांच्या प्रमुखांना त्याने पत्रे लिहिली आणि प्रत्येक पत्रासोबत भेट म्हणून रेशमाचा तागा जोडला. पश्चिम तुर्कांच्या खानाला तर दोन गाड्या भरून फळेही पाठवली.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पैसा लागतो हे सर्वांना कळते. परंतु परक्या प्रदेशात आपण कोण आहोत हे सांगणारा, आपल्यासाठी शब्द टाकणारा कोणीतरी लागतो, हे ज्याने परका प्रदेश अनुभवला आहे त्यालाच कळते. आपल्या देशाचा परवाना नसलेल्या या विद्यार्थ्याला दुसऱ्या देशाच्या राजाने ओळख मिळवून दिली. हिमाच्छादित पर्वत ओलांडताना सोबत्यांपैकी दहातील तीन-चार जण दगावले, तरीही समरकंद, बाल्ख, बामियान या मार्गाने युआन श्वांग भारताच्या सीमेवर पोहोचले.

नालंदेत

काश्मीरमध्ये त्यांनी दोन वर्षे अध्ययन केले. तेथील राजाने ग्रंथांच्या प्रती करण्यासाठी वीस लेखनिक दिले. पुढे पंजाब, मथुरा, कनौज, प्रयाग, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर, सारनाथ, वैशाली असे करत ते बुद्धगयेला गेले. बोधिवृक्षाखाली बसल्यावर त्यांना रडू आवरले नाही. तथागत या भूमीवर होते तेव्हा आपण कोठे होतो, या विचाराने ते व्याकूळ झाले. नालंदेच्या भिक्खूंना त्यांच्या आगमनाची वार्ता तेथेच मिळाली व त्यांना नेण्यासाठी चार ज्येष्ठ भिक्खू पाठवण्यात आले.

नालंदेचे द्वार कोणालाही सहज उघडत नसे. बाहेरून आलेल्यांची द्वारपाल पंडिताकडून परीक्षा होई आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परतत, असे युआन श्वांग यांनीच नोंदवले आहे. चरित्रकारांच्या मते तेथे दहा हजार भिक्खू राहत. काही दशकांनी आलेला इत्सिंग हा आकडा तीन हजारांहून अधिक एवढाच सांगतो. दररोज शंभर ठिकाणी पाठ चालत. या विहाराचे प्रमुख आचार्य शीलभद्र होते. ते समतट, म्हणजे बंगालच्या भागातील. वयाची शंभरी उलटलेल्या या आचार्यांचे नावदेखील लोक आदरापोटी उच्चारत नसत, त्यांना सद्धर्माचे भांडार म्हणत.

चरित्रात एक प्रसंग येतो. युआन श्वांग यांनी आपण चीनहून योगाचारशास्त्र शिकण्यासाठी आलो असे सांगताच शीलभद्रांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी आपला पुतण्या बुद्धभद्र याला एक गोष्ट सांगण्यास सांगितले. तीन वर्षांपूर्वी दीर्घ आजाराला कंटाळून आचार्यांनी देहत्याग करण्याचे ठरवले होते. त्या रात्री त्यांना स्वप्नात आदेश झाला, की चीनहून एक भिक्खू शिकायला येणार आहे, त्याला शिकवण्यासाठी जगले पाहिजे. स्वप्नाचा भाग कोणी मानावा, कोणी न मानावा. परंतु दूरदेशीचा एक विद्यार्थी आपल्याकडे येईल म्हणून शिक्षकाने जगत राहावे, ही गोष्ट सांगावीशी वाटणारी संस्था कशी असेल, याची कल्पना त्यातून येते.

युआन श्वांग यांची सोय कशी लावली गेली, याचा तपशील उपलब्ध आहे. राहण्यास स्वतंत्र दालन मिळाले. रोज सुपाऱ्या, जायफळे, कापूर आणि मगधात पिकणारा महाशाली तांदूळ मिळे. हा सुगंधी, टपोरा तांदूळ राजांना आणि थोर विद्वानांनाच दिला जाई. दरमहा तेल, लागेल तसे लोणी आणि मदतीला सेवक होते. हा खर्च कोठून येई? नालंदेच्या निर्वाहासाठी शंभर गावांचे उत्पन्न तोडून दिलेले होते. त्या गावांतील कुटुंबे रोज गाड्या भरून तांदूळ, दूध, लोणी पाठवत. चरित्रकार स्पष्ट सांगतात, की विद्यार्थ्यांना कोणाकडे काही मागावे लागत नसे, म्हणून त्यांचे अध्ययन पूर्णत्वास जाई.

शीलभद्रांनी त्यांना ‘योगाचारभूमिशास्त्र’ स्वतः शिकवले. पहिला पाठ पूर्ण होण्यास पंधरा महिने लागले. त्यांनी तो ग्रंथ तीनदा ऐकला. न्याय, हेतुविद्या, पाणिनीचे व्याकरण, इतर निकायांचे आणि ब्राह्मणी परंपरेचेही ग्रंथ अभ्यासले. नालंदेतील हे अध्ययन पाच वर्षांचे होते.

महाराष्ट्रात

त्यानंतर ते बंगाल, ओरिसा, आंध्र या मार्गाने कांचीपर्यंत गेले. सिंहलद्वीपाला जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु तेथील राजाचा मृत्यू व दुष्काळ यांमुळे तेथून भिक्खूच कांचीला आलेले पाहून त्यांनी तो सोडला. परतताना ते महाराष्ट्रात आले. तेव्हा येथे चालुक्य राजा पुलकेशी दुसरा राज्य करत होता. उत्तरेचा बलाढ्य सम्राट हर्षही त्याला नमवू शकला नव्हता.

आपल्या पूर्वजांविषयी त्यांनी जे लिहून ठेवले ते वाचताना आजही मान ताठ होते. हे लोक उपकारकर्त्याशी कृतज्ञ असतात व अपमान विसरत नाहीत. शत्रूवर चालून जाण्यापूर्वी त्याला सूचना देतात. आणि संकटात सापडलेला कोणी मदत मागू लागला तर स्वतःचा विचार न करता धावून जातात, असा त्यांच्या वर्णनाचा आशय आहे. येथे शंभरावर विहार व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्यांनी केली. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या भव्य विहाराचे, त्याच्या द्वारावरील दगडी हत्तींचे आणि भिंतींवरील प्रसंगांचे त्यांनी केलेले वर्णन अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात.

राजांच्या ओढाताणीत

नालंदेला परतल्यावर त्यांनी अध्यापनही केले. माध्यमिक आणि योगाचार या दोन मतांत मुळात विरोध नाही, हे दाखवणारा तीन हजार श्लोकांचा संस्कृत ग्रंथ त्यांनी रचला. त्यांची कीर्ती पसरली, आणि कीर्तीबरोबर नवे संकट आले. कामरूपचा राजा भास्करवर्मा याने त्यांना पाठवण्याची मागणी केली. शीलभद्रांनी टाळाटाळ केली, तेव्हा सैन्य आणून नालंदा धुळीस मिळवण्याची धमकी राजाने दिली. युआन श्वांग तेथे गेले. मग हर्षाने भास्करवर्म्याकडे त्यांची मागणी केली. मस्तक देईन पण अतिथी देणार नाही, या अर्थाचा निरोप आधी गेला. हर्षाने मस्तकच मागितल्यावर तो घाईघाईने बदलला गेला. वाळवंटातील मनाईप्रमाणेच हा राजांचा लोभही विद्यार्थ्यासाठी बंधनच होता. फरक इतकाच, की या बंधनाला सोन्याचा मुलामा होता.

कनौजला हर्षाने त्यांच्यासाठी मोठी धर्मसभा भरवली. अठरा दिवस त्यांच्या मताला कोणी यशस्वी आव्हान देऊ शकले नाही. प्रयागच्या पंचाहत्तर दिवसांच्या महादानाच्या सोहळ्यालाही ते उपस्थित होते. त्यानंतर त्यांनी परतण्याची इच्छा व्यक्त केली. नालंदेच्या भिक्खूंनी यापूर्वीच त्यांना थांबवण्याचा खूप प्रयत्न केला होता. बुद्धांची भूमी सोडून परत का जायचे, असा त्यांचा प्रश्न होता. शीलभद्रांनी मात्र शिष्याचे म्हणणे ऐकून घेतले. जे शिकलो ते ज्यांना मिळालेले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे आहे, हा त्यांचा हेतू समजताच आचार्य आनंदले आणि त्यांनी इतरांना आग्रह सोडण्यास सांगितले. विद्यार्थ्याला घेणे सोपे असते, योग्य वेळी त्याला जाऊ देणे अवघड. शीलभद्र दोन्ही जाणत होते.

हर्षाने देऊ केलेली संपत्ती त्यांनी नाकारली. भास्करवर्म्याने दिलेले, पावसापासून रक्षण करणारे एक पांघरूण तेवढे घेतले. तरीही हर्षाने वाटखर्चासाठी एक हत्ती व नाणी सोबतच्या राजाकडे सोपवली, आणि वाटेवरील राज्यांसाठी मोहोरबंद पत्रे देऊन अधिकारी पाठवले. पुन्हा पत्रेच.

उघडलेली सीमा

सिंधू नदी ओलांडताना नौका कलली आणि पन्नास ग्रंथ वाहून गेले. पामीरच्या मार्गात हत्तीही पाण्यात बुडाला. ६४४ मध्ये ते खोतानला पोहोचले. गाओचांगच्या राजाला दिलेले वचन पाळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. ६४० मध्ये थांग सैन्याने ते राज्य जिंकले होते व छू वनताय मरण पावला होता. ज्या राजाने त्यांना वाट दिली त्याचे राज्य त्यांच्याच देशाच्या शासनाने पुसून टाकले होते.

खोतानहून त्यांनी सम्राट थायचुंग याला पत्र लिहिले. परवानगीवाचून देश सोडल्याची कबुली दिली आणि परत येण्याची अनुज्ञा मागितली. ते पत्र व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर घेऊन गेला तो गाओचांगचाच एक तरुण. उत्तर येईपर्यंत काही महिने ते तेथेच प्रवचने देत राहिले. उत्तर आले ते स्वागताचे. सीमेवरील अधिकाऱ्यांना त्यांच्यासाठी घोडे व माणसे पाठवण्याच्या आज्ञा झाल्या होत्या. ज्या सीमाप्रदेशात त्यांच्यावर बाण सुटले होते, तेथेच आता शासनाचे लोक त्यांना सामोरे आले.

काय बदलले होते? युआन श्वांग तेच होते. बदलले होते ते शासनाचे गणित. पूर्वेकडील तुर्कांचा पराभव ६३० मध्येच झाला होता, साम्राज्य पश्चिमेकडे पसरत होते आणि त्या प्रदेशांची माहिती सम्राटाला हवी होती. कालचा गुन्हेगार आज देशाचे भूषण ठरला. ६४५ मध्ये ते छांगआनला पोहोचले तेव्हा रस्ते माणसांनी ओसंडून गेले होते. वीस घोड्यांवरून ६५७ ग्रंथ, बुद्धमूर्ती व अस्थिधातू त्यांनी आणले होते.

सम्राटाने त्यांना चीवर उतरवून मंत्रिपद स्वीकारण्यास सांगितले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. आपल्या गावाजवळच्या शाओलिन विहारात राहून भाषांतर करावे, ही त्यांची इच्छा होती. ती मात्र मान्य झाली नाही, पुढच्या सम्राटाच्या काळात पुन्हा मागूनही झाली नाही. शासनाने त्यांना लेखनिक, विद्वान, निवास सर्व दिले, पण नजरेआड होऊ दिले नाही. सम्राटाच्या इच्छेनुसार ६४६ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील १३८ राज्यांचा वृत्तान्त पूर्ण केला. उरलेले सारे आयुष्य भाषांतरात गेले. पंचाहत्तर ग्रंथ, तेराशेहून अधिक खंड. त्यात ‘योगाचारभूमिशास्त्र’ होते आणि सहाशे खंडांचे ‘महाप्रज्ञापारमिता’ही होते.

ऋण आणि परतफेड

माजी विद्यार्थी म्हणून त्यांनी नालंदेशी नाते तुटू दिले नाही. महाबोधी विहारातील ज्ञानप्रभ व प्रज्ञादेव या भिक्खूंनी त्यांना पत्र व पांढऱ्या सुती कापडाची भेट पाठवली. ६५४ मध्ये त्यांनी उत्तर दिले. शीलभद्रांच्या निधनाची वार्ता त्यांना आधीच कळली होती. त्या दुःखाविषयी त्यांनी लिहिले, आचार्यांनी शिकवलेला ग्रंथ आपण भाषांतरित केल्याचे कळवले, आणि सिंधूत वाहून गेलेल्या ग्रंथांची यादी जोडून त्यांच्या प्रती पाठवण्याची विनंती केली. हर्ष तोवर मरण पावला होता, त्याचे साम्राज्य विस्कटले होते. राजे गेले तरी शिक्षक व विद्यार्थी यांच्यामधील पत्रे चालूच होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. ६५३ मध्ये जपानहून दोशो नावाचा तरुण भिक्खू छांगआनला आला. युआन श्वांग यांनी त्याला आपल्या निकट ठेवून शिकवले. पुढे त्याने ती परंपरा जपानमध्ये नेली. कोरियातील सिल्ला राज्यातून आलेले वनचुक हेही त्यांच्याकडून शिकले. नालंदेने परदेशी विद्यार्थ्याला जे दिले ते त्या विद्यार्थ्याने पुढच्या परदेशी विद्यार्थ्यांना दिले. अशा ऋणाची फेड मागे वळून करता येत नाही, ती पुढे चालत जाऊनच करावी लागते.

५ फेब्रुवारी ६६४ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. शतके लोटली. नालंदा उद्ध्वस्त झाली, आणि या देशाला तिचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकात युआन श्वांग यांच्या वृत्तान्ताचे युरोपीय भाषांत अनुवाद झाले. तो वृत्तान्त हाती घेऊन, त्यातील दिशा व अंतरे मोजत, अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६१ पासून एकेक बौद्ध स्थळ शोधले. बडगावजवळचे ढिगारे म्हणजेच नालंदा, हे असेच निश्चित झाले आणि १९१५ पासून तेथे उत्खनन सुरू झाले. ज्या विद्यार्थ्याला नालंदेने अन्न, निवारा व विद्या दिली, त्याच्या वहीने बारा शतकांनंतर नालंदेला तिचे नाव परत दिले.

परदेशी शिकणाऱ्यांच्या वाटेत शासनाची धोरणे आजही आडवी येतात. शिष्यवृत्तीचे नियम बदलतात, प्रवेशपरवान्याच्या अटी बदलतात, आणि अर्ध्यावर आलेले शिक्षण टांगणीला लागते. बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अपुरे सोडून परतावे लागले होते, आणि १९२० मध्ये पुन्हा जाऊन ते पूर्ण करावे लागले. तेव्हाही मदतीला आले ते शाहू महाराजांसारखे राजे आणि नवल भथेनांसारखे मित्र. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज दूरदेशी असेच अडकलेले असतील, उद्या आपल्याही दारी दूरवरचे कोणी येतील. त्या वेळी आपण ली चांग होतो की पहिल्या बुरुजावरचे धनुर्धर, हा प्रश्न आपल्यापुढे असेल.

नालंदेच्या भोवतालच्या त्या शंभर गावांतील एकाही शेतकऱ्याचे नाव इतिहासात नोंदलेले नाही. भल्या पहाटे तांदळाची गाडी जुंपताना हा तांदूळ कोणाच्या ताटात जाणार, हे त्यांना ठाऊकही नसेल. आपल्या वसतिगृहाला धान्य देणाऱ्या, वर्गणी पाठवणाऱ्या, आपले लेकरू विश्वासाने आमच्या हाती सोपवणाऱ्या प्रत्येक पालकाला व दात्याला आम्ही त्याच गावांचे रहिवासी मानतो. युआन श्वांग यांच्या चरित्राला वंदन करताना आमचे दुसरे वंदन त्यांना आहे.